दगडांच्या ढिगामागचं ग्रंथालय

मी एक जुना सांगाडा आहे. घाबरू नका, मित्रांनो. मी प्लास्टिकचा आहे. निदान बनवणाऱ्यांनी तरी मला तसंच सांगितलं होतं.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. मला आईवडील नव्हते, दोन साचे होते. एक पुढचा, एक मागचा. तुम्ही आधी जन्मता आणि शेवटी सांगाडा बनता, माझं मात्र शेवटापासून सुरू झालं. एका बाईने माझ्या जबड्याला स्प्रिंग लावली, दोनदा उघडझाप करून पाहिली, "बोलतो हा" असं म्हटलं आणि पुढच्या सांगाड्याचा जबडा हातात घेतला. माझ्याबद्दल कोणी काढलेले ते पहिले शब्द. पुढे जे झालं त्याला ती बाई जबाबदार आहे असं माझं म्हणणं नाही. मी फक्त नोंदवून ठेवतो.

मग कित्येक वर्षं मी एका गोदामात उभा होतो. आत गेलो तेव्हा पांढरा होतो, बाहेर आलो तेव्हा पिवळा पडलो होतो. पिवळा पडल्यामुळे मी जास्त खरा दिसू लागलो. वय झालं की माणूस पोक्त दिसतो, तसंच.

मला जायचं होतं एका मोठ्या शाळेच्या प्रयोगशाळेत. टेम्पोवाला रस्ता चुकला आणि मला एका प्राथमिक शाळेच्या व्हरांड्यात उतरवून निघून गेला. गावाचं नाव सांगत नाही. गावात पोरींची लग्नं जुळायची आहेत, सांगाड्याचं गाव म्हणून नाव व्हायला नको. मूल शहराकडून येणारी एसटी तिथे वळते आणि परत जाते, एवढं पुरे. शाळेमागे तलाव आहे, तलावामागे धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, आहेत, आणि बांध्या संपतात तिथून जंगल सुरू होतं. जंगल संपत नाही.

शाळेचे मुख्याध्यापक केवळराम गुरुजी. त्यांनी माझा लांबट खोका उघडला, बंद केला, पुन्हा उघडला. शाळा चौथीपर्यंतच होती आणि चौथीपर्यंत सांगाडा शिकवायला नव्हता. पण वरून आलेली वस्तू परत पाठवायची गुरुजींची पद्धत नव्हती. ग्रंथालयाच्या खोलीत छताला एक हूक होता. तिथे पंखा यायचा होता. पंख्याऐवजी मी आलो.

ग्रंथालय म्हणजे एक लाकडी कपाट आणि त्याला कुलूप. पुस्तकं आली त्या दिवशी गुरुजींनी ती आत ठेवली, आणि तेव्हापासून ती नवीनच होती. "पोट्टे वाचतेत आनि पानं फाडतेत," गुरुजी म्हणायचे. "वाचलंच नाई तं फाटनार कसं?" यावर, मित्रांनो, मी खूप विचार केला आहे. माझ्या डोक्यात जागा पुष्कळ आहे.

माझा एक उपयोग गुरुजींना लगेच सुचला. त्यांनी सगळ्या मुलांना दारात उभं करून मला दाखवलं. वाऱ्याने माझा जबडा हलला. टक. "अंदर जायचं असंन," गुरुजी म्हणाले, "तं त्याले विचारून जा." कोणी विचारलं नाही.

इथपर्यंत सगळं साधं होतं. आता सोमाजीचं सांगतो.

मी येण्याच्या आधी, मोहाची फुलं पडायच्या दिवसांत, सोमाजी नावाचा म्हातारा पहाटे फुलं वेचायला जंगलात गेला आणि वाघाने त्याला नेलं. गावाला जेवढा सोमाजी परत मिळाला तेवढ्याचे विधी झाले. बाकीचा जंगलाने ठेवून घेतला. मग शाळा उघडली, आणि पहिल्याच आठवड्यात एक लांबट खोका आला, ज्यात माणसाची सगळी हाडं होती. मुलांना बेरीज येत होती.

"सोमाजीभाऊच हाय," शाळेत खिचडी रांधणारी वच्छलाबाई पाणी भरता भरता शेजारणीला म्हणाली. "पाह्य ना, तसाच लांब."

"सोमाजीभाऊले दात कुठी होते?"

"आता चावाचं काई रायलं नाई म्हनून आले असतीन."

त्या भागात एक रीत आहे. वाघाने माणूस नेला त्या जागेवरून जाणाऱ्याने तिथे एक दगड ठेवायचा. कोणी सांगत नाही, कोणी विचारत नाही. दगड ठेवायचा आणि मागे न पाहता चालायचं. ठेवलेला दगड मात्र कोणी उचलायचा नाही. उचलला तर ज्याच्यासाठी ठेवला तो मागे मागे येतो म्हणतात.

वच्छलाबाईने पहिला दगड ग्रंथालयाच्या उंबऱ्यापाशी ठेवला. दुसऱ्या दिवशी चौथीतल्या प्रणितने ठेवला, मग पहिलीतल्या एका पोरीने, तिला मोठा उचलेना म्हणून तिने चिंचोका ठेवला. पोळ्यापर्यंत ढीग मुलांच्या गुडघ्याएवढा झाला. वरच्या दगडाला कोणीतरी शेंदूर लावला. एकदा दुपारी शाळा सुटल्यावर केवळराम गुरुजी एकटेच आले, इकडे तिकडे पाहिलं, चप्पल झटकल्यासारखं केलं आणि खिशातून एक गोल दगड काढून ठेवला. मी दाराच्या फटीतून पाहत होतो. मला डोळे नाहीत, तरी मी पाहतो. कसं, ते मीही विचारत नाही.

दार बाहेर उघडणारं होतं. गणपतीच्या सुमाराला ते उघडेनासं झालं.

बंद खोलीत काय काय ऐकू येतं, हे तुम्हाला ठाऊक नसेल. वाळवी पुस्तक खाते तेव्हा कागद कुजबुजतो. अख्खा वर्ग मनातल्या मनात वाचतोय असं वाटतं. कपाटाचा पाय पोखरला गेला, कपाट तिरपं झालं, आणि एका दुपारी कुलूप लावलेलं असताना त्याचं दार कडीकोयंड्यासकट निखळून माझ्या पायाशी पडलं. पुस्तकं जमिनीवर सांडली. एक उघडं पडलं. त्यात चित्रं होती. त्या चित्रातला हत्ती माझ्याकडे बघत होता.

त्याच दुपारी मागच्या खिडकीत एक तोंड दिसलं.

"आजा," ते तोंड म्हणालं. "तूच होय का?"

ती रंजीता. तिसरीतली. सोमाजीची नात. खिडकीतून वारा आला आणि माझा जबडा हलला. टक.

खिडकीचा एक गज वानरांनी वाकवून ठेवला होता. रंजीता त्यातून आत शिरली, माझ्यासमोर उभी राहिली, आणि तिने जे घरात कोणाला सांगितलं नव्हतं ते मला सांगितलं.

जंगलाच्या तोंडाशी एक बोर्ड आहे. आज्याला वाचता येत नव्हतं. शेवटच्या दिवसांत तो एकदा तिला बरोबर घेऊन तिथपर्यंत गेला होता आणि त्याने विचारलं होतं, "माय, तू तं शाळेत जाते. काय लिवलं हाय तं सांग." रंजीतालाही वाचता येत नव्हतं. दुसरी संपत आली होती तरी अक्षरं तिच्या डोळ्यांपुढे मुंग्यांसारखी फिरायची. पण आजा इतक्या कौतुकाने बघत होता, की तिने सांगून टाकलं, "लिवलं हाय, मोहफुलं येचाले या." आजा खूष झाला. "सरकारबी शानं झालं," म्हणाला. मग काही दिवसांनी तो गेला आणि आला नाही.

"त्याच्यावर वाघाचं लिवलं असंन," रंजीता मला म्हणाली. "मी खोटं वाचलं. म्हनून तू असा झाला."

मित्रांनो, त्या क्षणी मला सांगायचं होतं की मी प्लास्टिकचा आहे. पण स्प्रिंगच्या जबड्याने एवढं मोठं वाक्य होत नाही.

"आता मी तुले खरं खरं वाचून दाखवीन," ती म्हणाली आणि तिने ते हत्तीचं पुस्तक उचललं.

त्यानंतर ती रोज खिचडीच्या सुट्टीत यायची. उंदराने हत्तीला जावई करून घेतल्याची ती गोष्ट होती. पहिलं वाक्य संपायला तिला अख्खी सुट्टी लागली. ती अक्षरावर बोट ठेवायची, ओठ हलवायची, अंदाजाने शब्द टाकायची. अंदाज चुकला की माझा जबडा वाजायचा. टक. मग ती म्हणायची, "बरं बरं, थांब," आणि पुन्हा पहिल्यापासून. जबडा वाजला नाही की ती पुढे जायची.

मला स्वतःला वाचता येत नाही. तो वारा होता. बहुतेक.

एक दिवस तिने "सासरा" हा शब्द "ससा" असा वाचला. खिडकीबाहेर पान हलत नव्हतं. तलावात लाट नव्हती. आणि माझा जबडा वाजला. त्या दिवशी रंजीतापेक्षा मी जास्त घाबरलो.

दिवाळीच्या आधी शाळेत जया मॅडम बदलून आल्या. भद्रावतीच्या फॅक्टरी कॉलनीत वाढलेल्या. आल्या आल्या त्यांनी विचारलं, ग्रंथालय कुठे आहे. गुरुजींनी ढीग दाखवला.

"हे काय आहे सर?"

"ग्रंथालय."

"दगड कशाचे?"

"दगड दगडाचेच, मॅडम. उचलता येत नाई. पन पुस्तकं एकदम सेफ हायेत."

मॅडम मागच्या बाजूने गेल्या. बंद खोलीतून एका मुलीचा आवाज येत होता. त्या खिडकीशी आल्या आणि तिथेच थांबल्या. आत तिसरीतली पोरगी सांगाड्याच्या पायाशी मांडी घालून बसली होती आणि न अडखळता वाचत होती, "आणि उंदीर म्हणाला, जावईबापू, तुम्ही दारातून आत कसे येणार?"

"रंजीता," मॅडम अगदी हळू म्हणाल्या. "वर्गात तर तू तोंड उघडत नाहीस."

"वर्गात आजा नसते."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. दुसरी कोणी असती तर हसली असती किंवा पळाली असती. मॅडमनी विचारलं, "ऐकतात का आजोबा?"

"चुकलं का दात वाजवते."

"माझ्या डीएडच्या मॅडमपण असंच करायच्या," मॅडम म्हणाल्या.

दिवाळीनंतर गावाबाहेर, जंगलाच्या वाटेवर मंडई भरते, म्हणजे जत्राच. आकाशपाळणा, जिलेबी, बांगड्या आणि रात्री नाटक. मॅडमनी ठरवलं, या मंडईत पुस्तकांचं दुकान लावायचं. चंद्रपूरहून थोडी नवी पुस्तकं आणायची आणि ग्रंथालयातली जी वाळवीने सोडली ती खिडकीतून बाहेर काढायची. मुलांनी बघावं, हाताळावं, घरी न्यावं. गुरुजी म्हणाले, फाटतील. मॅडम म्हणाल्या, फाटू द्या. गुरुजी दिवसभर पाणी पीत होते.

पुस्तकं निघाली तेव्हा रंजीता खिडकी अडवून उभी राहिली. "आज्यालेई न्या. त्याले मंडई लय आवडे."

अख्खा मी गजांतून निघत नव्हतो. म्हणून मला उतरवलं, हात वेगळे केले, पाय वेगळे केले, आणि प्रणित माझी कवटी सायकलच्या हँडलला पिशवीत अडकवून घेऊन गेला. आयुष्यात पहिल्यांदा मी जंगल जवळून पाहिलं. तेही पिशवीतल्या भोकातून. रस्त्याच्या कडेला कोणीतरी मोहाखाली उकिडवं बसलं होतं. प्रणितने नाही पाहिलं. मी पाहिलं. त्याने मान वर केली आणि माझ्याकडे बघून, ओळखीचं माणूस भेटल्यावर करतात तसा, हात वर केला.

माझे हात दुसऱ्या पिशवीत होते.

मंडईत मला पुन्हा जोडून नाटकाच्या मंडपाच्या बांबूला टांगलं. समोर तीन टेबलं आणि त्यांवर पुस्तकं. गर्दी मात्र जिलेबीपेक्षा जास्त आमच्याकडे झाली. माणसं यायची, हात जोडायची, माझ्या पायाशी एक दगड ठेवायची आणि मागे न पाहता निघून जायची. पुस्तकाकडे कोणी बघत नव्हतं.

दुपारी वारा सुटला. पानं फडफडली, दोन पुस्तकं उडून बांगडीवाल्याच्या अंगावर गेली. जया मॅडमना रीत ठाऊक नव्हती. त्यांनी माझ्या पायाशी पडलेले दगड पटापट उचलले आणि एकेका पुस्तकावर एकेक ठेवून दिला.

मंडई जागच्या जागी थांबली. आकाशपाळणा फिरत होता, पण वरची माणसंसुद्धा खाली बघत होती.

"बाई," वच्छलाबाई म्हणाली, "हे काय करून बसल्या तुमी?"

आता प्रत्येक पुस्तकावर मेलेल्याचा एक दगड होता. पुस्तक बघायचं तर दगड उचलावा लागणार, आणि दगड उचलायला कोणी तयार नव्हतं. मुलं टेबलाभोवती हात मागे बांधून उभी होती. मॅडमना चूक कळली, त्यांचा चेहरा उतरला. केवळराम गुरुजी तेवढे समाधानी दिसत होते. कुलपापेक्षा हे भारी होतं.

तेव्हा रंजीता पुढे आली. टेबलाच्या कोपऱ्यातल्या एका नव्या पुस्तकावर मी होतो. म्हणजे माझ्यासारखा एक. सायकल चालवणारा, हसणारा सांगाडा. ती त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग तिने दगड उचलला.

"पोरी, ठेव तो," मागून तिची आजी कमळाबाई म्हणाली. "मागं येईन तो."

"येऊ दे," रंजीता म्हणाली. "आजाच तं हाय."

तिने पुस्तक उघडलं आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. तिला दुसऱ्या तऱ्हेने वाचता येतच नव्हतं. हाडं आतून पोकळ असतात. हाडं जिवंत असतात. पान उलटलं. "मोडलेलं हाड पुन्हा जुळतं. पण जुळलेल्या जागी गाठ राहते. ती हाताला लागते."

ती थांबली. कमळाबाईकडे वळली. "आजी, आज्याचा पाय मोडला होता ना?"

"मोहावरून पडला होता. डावा. नडगीवर आवळ्याएवढी गाठ होती. अमावस्येले ठनके."

रंजीता माझ्यासमोर बसली. पुस्तक मांडीवर ठेवलं आणि दोन्ही हातांनी माझी डावी नडगी चाचपली. वरून खाली. खालून वर. मी गुळगुळीत होतो, मित्रांनो. साच्यातून निघाल्यासारखा गुळगुळीत. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"हा आजा नोहे," ती म्हणाली.

"मंग कोन हाय?" प्रणितने विचारलं.

तिने पुस्तकात पाहिलं. "कोनीच नाई. असा एक सबाईच्या अंदर रायते. तुह्यातबी हाय."

मंडईतली सगळी माणसं हळूच आपापल्या नडग्या चाचपू लागली. "लेका, माह्यात तं दोन गाठी हायेत," कोणीतरी म्हणालं. "कुठी लिवलं हाय, दाखव बरं." आणि एका हाताने एका पुस्तकावरचा दगड बाजूला झाला. मग दुसऱ्या. मग मला मोजता आले नाहीत. संध्याकाळपर्यंत टेबलावर दगडच उरले होते.

रंजीता मात्र माझ्याकडे पाठ करून बसली होती. तिला रडू येत होतं, कारण आता आजा खरंच कुठेच नव्हता आणि तिला जे फेडायचं होतं ते तसंच राहिलं होतं.

पुढच्या शनिवारी सकाळी अख्खी शाळा ढिगासमोर उभी राहिली. दगड चुकीच्या दारात पडले होते, ते बरोबर जागी पोचवायचे, असं गावाने ठरवलं. फेकायचे नाहीत, पोचवायचे. पुढे वनरक्षक, मागे हलगी, मध्ये दप्तरात दगड घेतलेली मुलं. केवळराम गुरुजींनी ढिगातून नेमका एक गोल दगड शोधून काढला. "हा माहा हाय," ते म्हणाले, आणि मग आपण काय बोललो ते कळून पुढे चालू लागले.

मी परत खोलीतल्या हुकावर होतो. पुढचं मला रंजीताने सोमवारी सांगितलं. दारातून आत येऊन. दार तेव्हा पहिल्यांदा पूर्ण उघडलं होतं.

"आमी दगड ठेवले. मंग मी त्या बोर्डापाशी गेली." ती दम घ्यायला थांबली. "सगळा वाचला. लिवलं हाय, 'जंगलात प्लास्टिक टाकू नये.' बस, एवढंच. वाघाचं काईच नाई."

ती हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. मग पुन्हा हसली. तिने खोटं वाचलं नसतं तरी आजा गेलाच असता. बोर्डाला वाघ ठाऊकच नव्हता. बोर्डाला फक्त माझी काळजी होती.

मला थोडं लागलं, पण मी दाखवलं नाही.

आता ग्रंथालय रोज उघडं असतं. कपाटाला पाय नवा आहे आणि दार नाही. पुस्तकं फाटतात. गुरुजी डिंक घेऊन बसतात, आणि चिकटवता चिकटवता त्या पानावरचं वाचून मोठ्याने हसतात. पहिलीतली मुलं आत येताना माझ्याशी हात मिळवतात. रंजीता अजूनही खिचडीच्या सुट्टीत येऊन माझ्या पायाशी बसते. "तू आजा नोहेस," ती म्हणते, "पन तुले आयकाची सवय पडली हाय." आणि वाचते. ती आता क्वचितच चुकते. चुकली तर जबडा वाजतो. थंडीमुळे खिडकी बंद असते.

गोष्ट इथे संपली असती, मित्रांनो. पण एक राहिलं.

गेल्या अमावस्येला माझा डावा पाय ठणकला. मी दुर्लक्ष केलं. प्लास्टिक ठणकत नाही. सकाळी उन्हाची तिरीप पायावर आली तेव्हा दिसलं. डाव्या नडगीवर एक गाठ आली आहे. आज आवळ्याएवढी आहे.

इतके महिने कोणी आजा समजून मला गोष्टी वाचून दाखवल्या, त्याने असं होतं का, मला ठाऊक नाही. की त्या दिवशी मोहाखालच्या माणसाने हात वर केला, तो रामरामाचा नव्हता, 'थांब, आलोच' असा होता, हेही ठाऊक नाही. एवढंच कळतं, की ती पोर आता हसते आहे, आज्याचा दगड आज्याच्या जागी आहे, आणि तिने पुन्हा या पायाला हात लावू नये.

म्हणून तुम्हाला एकच मागणं आहे. मला पुसू नका, रंगवू नका, माझी काळजी घेऊ नका. फक्त त्या कपाटात पुस्तकं कमी पडू देऊ नका. तुमचं वाचून झालेलं असेल तर ते द्या, फाटकं असेल तर फाटकं द्या. तिचं एक संपलं की लगेच दुसरं तिच्यासमोर असू द्या. वाचताना ती पुस्तक दोन्ही हातांनी धरते.

तिचे हात रिकामे राहू देऊ नका.